मुलांच्या आरोग्याचे संस्कार आणि आपल्या चालीरीती

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



गाभाऱ्याचे काम पुरे झाले, शिखरावर कलश चढला, सभामंडपात नवी फरशी बसली. अशा मंगल प्रसंगी साबण, नखे, जंत, मोरी असले विषय काढावेत का, असे मला एका जाणत्या गृहस्थांनी परवा विचारले. मी त्यांना म्हटले, "दादा, देवळात शिरण्यापूर्वी आपण पहिली गोष्ट काय करतो? पाय धुतो. म्हणजे माझा विषय देवळाच्या पायरीवरचाच आहे." त्यांना ते पटले की नाही ठाऊक नाही, पण ते आज पहिल्या रांगेत बसलेले आहेत.

मी प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेला माणूस. मुलांना आरोग्य शिकवावयाचे तर ते पुस्तकातल्या धड्याने फारसे होत नाही, हे मी पुष्कळ वर्षे पाहिले आहे. मुलगा परीक्षेत 'जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत' असे सुवाच्य अक्षरात लिहितो, पूर्ण गुण मिळवतो आणि त्याच शाईच्या हाताने डबा उघडतो. याउलट कोणत्याही पुस्तकात नसताना तो दुसऱ्याच्या तोंडचा घास खात नाही, देवाच्या फुलाला पाय लावीत नाही, केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करतो. हे त्याला कोणी शिकवले? घराने शिकवले, आजीने शिकवले. तेव्हा आपण नवी गोष्ट जर जुन्या सवयीच्या खुंटीला अडकवू शकलो तर ती टिकते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आता आपल्या गावाचेच पाहा. आज सगळे जग कर्वेनगर म्हणते, पण गावठाणातल्या जुन्या माणसाला हे हिंगणे बुद्रुक. १८९६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि पुण्यातील प्लेगच्या त्या दिवसांत, १९०० साली, आश्रम आपल्या हिंगण्याच्या माळावर आला. रावबहादुर गोखले यांनी सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. अण्णा शहरातून येथवर पायी ये-जा करीत. म्हणजे आपल्या गावाला आज जे नाव मिळाले आहे, त्याच्या मुळाशी विद्या आहे, देणगी आहे आणि एका साथीपासून दूर मोकळ्या हवेत जाण्याची खटपटही आहे. देणगीदार मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

त्या प्लेगची हकीगत मुलांनाही सांगण्यासारखी आहे. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात साथ भडकली. सरकारने रँडसाहेबाच्या हाती कारभार दिला. गोरे सोल्जर घरोघर शिरू लागले, सामान रस्त्यावर आले, स्वयंपाकघर आणि देवघर काही राहिले नाही. हेतू रोग हटविण्याचा होता, हे मान्य करू. पण परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. घरात माणूस तापाने फणफणत असताना शेजाऱ्याला पत्ता लागू देईनात. संताप इतका पेटला की २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगने आजारी पडलेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्चला गेल्या. एकीकडे दंडुका होता आणि दुसरीकडे पाठीवरचे मूल. लोकांनी कोणाचे ऐकले असते ते सांगावयास नको.

आणखी एक गंमत पाहा. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून अशी रीत होती की घरात उंदीर मरून पडू लागले की गाव उठवावयाचे, माळावर झोपड्या घालून राहावयाचे आणि साथ सरली की परतावयाचे. शिकलेले लोक याला अडाणीपणा म्हणत. पुढे १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो. उंदीर मेला की पिसू माणसाकडे वळते. म्हणजे गाव सोडणारा शेतकरी कारण जाणत नव्हता, पण उपाय बरोबर करीत होता.

हे सव्वाशे वर्षांपूर्वीचे झाले. आपल्या डोळ्यांसमोरचे घ्या. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देवळांची दारे लागली, ती नोव्हेंबरात उघडली, पुन्हा लागली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली. त्या दिवसांत प्रत्येक दाराशी साबणाची वडी होती, प्रत्येक दुकानात हाताला लावायची बाटली होती. आज किती दारांशी आहे? भीती गेली तशी वडीही गेली. भीतीने लागलेली सवय अशीच असते. पाय धुण्याची रीत मात्र तेव्हाही होती, आजही आहे, कारण ती भीतीने लागलेली नव्हती.

आणि रोग काही रजेवर गेलेले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या नदीच्या पलीकडे, सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गिया-बारे नावाच्या दुखण्याची साथ आली. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. पुणे परिसरात मिळून दोनशेच्या आसपास संशयित रुग्ण झाले, काही दगावले. कित्येकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे जंतू सापडले. पाणी उकळून प्या, असे तेव्हा घरोघर सांगावे लागले. इतक्या मोठ्या शहरात, धरणाच्या इतक्या जवळ, ही पाळी आली. तेव्हा हा विषय खेड्यातल्या गरिबाचा आहे, फ्लॅटमधल्यांचा नाही, असे कोणी समजू नये.

मग शिकवावे कसे? आपल्याकडे या विद्येचा मोठा गुरू होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा. बाबांना अक्षरओळख नव्हती. गावात आले की पहिल्यांदा कोणाच्या घरी जात नसत, भाषण करीत नसत. हातात खराटा घेऊन गटारे आणि रस्ते झाडावयास लागत. लोक आधी हसत, मग लाजत, मग झाडू घेऊन बरोबर येत. दिवसा गावाची घाण काढावयाची आणि रात्री कीर्तनात डोक्यातली. कीर्तनही कसे? ते उपदेश करीत नसत, प्रश्न विचारीत. लोक उत्तर देत, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न. शेवटी लोक आपल्याच तोंडून आपली चूक कबूल करीत. शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या आम्हा मास्तरांना हे साधत नाही. २०००-०१ साली महाराष्ट्र सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले, ते योग्यच झाले. मात्र बक्षिसाच्या तपासणीपुरते गाव झाडावयाचे आणि मग पुन्हा उकिरडा, असेही काही ठिकाणी झाले. बाबांचा खराटा भिंतीवर चितारून भागत नाही.

वर्गात मी हाच प्रश्नांचा मार्ग धरला. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत ज्याचे दात, डोळे, नाक, हात, कपडे आणि पाय सदा मळलेले असतात तोही एक मूर्ख, असे आहे. ही सहा नावे मी फळ्यावर लिहिली आणि मुलांना म्हटले, आपल्यात कोण मूर्ख आहे ते आपले आपण बघा, मी बघणार नाही. मास्तर छडी घेऊन नखे तपासतात तेव्हा मुले हात पाठीमागे लपवतात. येथे मात्र प्रत्येक जण स्वतःचीच नखे न्याहाळू लागला. एका मुलाने विचारले, "गुरुजी, समर्थांनी कान का नाही घातले?" मी म्हटले, तू घाल. तेव्हापासून आमच्या वर्गात सात लक्षणे झाली.

वर्गात दोन मुसलमान मुले होती. हात धुण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यातला एक उठला आणि नमाजापूर्वी वजू कशी करतात ते त्याने करून दाखवले: हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, शेवटी पाय. बोटांच्या बेचक्यांतूनही बोटे फिरवली. आमची मुले पाहतच राहिली. आपण आचमनाला तळहातावर चार थेंब घेतो आणि शुद्ध झालो म्हणतो! त्या दिवशी हात धुण्याचा पाठ त्या पोरानेच घेतला, मी नुसता उभा होतो.

साबण लावून हात किती वेळ चोळावेत? डॉक्टर सांगतात, निदान वीस सेकंद. लहान मुलाला सेकंद कळत नाहीत. मी सांगितले, 'रामकृष्णहरी' सावकाश दहा वेळा म्हणा, तेवढा वेळ चोळा. ज्याच्या घरी हा मंत्र म्हणत नाहीत त्याने बेचा पाढा म्हणावा, वेळ साधारण तेवढाच लागतो. पाढाही पाठ होतो हा वरचा फायदा. आणि हात म्हणजे दोन्ही हात. जेवणाचा उजवा आणि शौचाचा डावा अशी वाटणी आपल्या लोकांनी फार शहाणपणाने केली, पण त्यामुळे मुले जेवणापूर्वी एकच उजवा हात नळाखाली धरतात. एक हात एकट्याने धुतला जात नाही. चोळावयास दुसरा लागतोच.

आता 'उष्टे' या शब्दाकडे या. हा आपल्या भाषेतला फार मोलाचा शब्द आहे. जंतू हा शब्द डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा, म्हणून मुलांना तो खोटा वाटतो. उष्टे मात्र त्यांना तिसऱ्या वर्षापासून कळते. ओठ लागलेला पेला उष्टा, चाटलेला चमचा उष्टा. आपले लोक तांब्या ओठाला न लावता वरून पाणी पितात ते याचसाठी. माठात हात घालू नये म्हणून लांब दांड्याचे ओगराळे असे. आज आरोग्य खात्याची माणसे पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचा डोया वापरा असे सांगतात, तेव्हा घरातील म्हातारी हसते. तिच्या माहेरी ते होतेच. देवळातही पुजारी तीर्थ पळीनेच देतात, पात्रात बोटे बुडवून देत नाहीत. मुलांना मी विचारले, पळी का? कोणी म्हणाले चांदीची म्हणून, कोणी म्हणाले शोभा म्हणून. एक मुलगी म्हणाली, "सगळ्यांचे हात लागून तीर्थ उष्टे होईल." बस, धडा संपला. फक्त तिला मी पुढे विचारले, तीर्थ घेणारा तुझा तळवा धुतलेला होता का? ती गप्प झाली.

पाणी गाळण्याचेही असेच. घागरीच्या तोंडाला फडके बांधून पाणी भरण्याची आपली रीत. पूर्वी महाराष्ट्रात नारूचा रोग फार. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरीत, पायाच्या फोडातून नारूची पिले पाण्यात जात, तेथे सूक्ष्म पाणपिसवा त्यांना गिळीत आणि त्या पिसवा पाण्यावाटे माणसाच्या पोटात. वर्षभराने हातभर लांब दोऱ्यासारखा किडा पायातून बाहेर निघे. या रोगावर लस नाही, औषधाची गोळी नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाणी फडक्याने गाळणे यांनीच तो गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. बांगलादेशात तर जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळावयास लावले, तेव्हा पटकी जवळजवळ निम्म्याने उतरली, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. नव्यापेक्षा जुनी साडी बरी, कारण धुऊन धुऊन तिचे सूत फुगते आणि भोके बारीक होतात. आजीचे लुगडे आणि संशोधकाची प्रयोगशाळा येथे एका मुद्द्यावर आली. अर्थात गाळले म्हणजे सगळे झाले असे नव्हे. फडक्यातून सुटणारे बारीक जंतू उकळल्यावाचून मरत नाहीत. आधी गाळा, मग उकळा.

परंतु मंडळी, प्रत्येक जुन्या चालीत शास्त्र शोधावयाचे ही हल्लीची हौस मला पसंत नाही. काही चाली वाईटच आहेत. बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या काडीने दात घासणे चांगले, पण त्याच घरात आई मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. मूल शेजारी बसून बघते आणि एक दिवस बोट बुडवते. तोंडाच्या कर्करोगाची वाट अशी दातवणाच्या नावाखाली घरात येते. हाताला चुलीची राख लावणे एक वेळ चालेल, साबण नसेल तेथे ती उपयोगी आहे. पण अंगणातली माती लावू नका, तिच्यात जंतांची अंडी असतात. मुलींच्या चार दिवसांचे कापड अंधाऱ्या कोपऱ्यात, कोणी पाहील म्हणून, ओले वाळत घालतात. त्याला ऊन लागले पाहिजे. हे बोलण्याची येथे लाज वाटू नये. ज्या गावात स्त्रीशिक्षणाची शाळा शतकापूर्वी सुरू झाली त्या गावात तर मुळीच वाटू नये.

आणि सर्वांत वाईट चाल म्हणजे विटाळ. उष्टे हे घाणीला म्हणावयाचे, ते आपण माणसाला म्हटले. घाणीचा विटाळ मानावयाचे सोडून घाण काढणाऱ्याचा विटाळ मानला. त्याच्या स्पर्शाने पाणी बाटते म्हणून त्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही. पुण्यात महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या एका ओंजळीसाठी डॉक्टर आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे बाबासाहेबांच्या हवाली केली, त्यामागे हीच वेदना होती. तेव्हा मुलांना सोवळे शिकवताना हे बजावून सांगितले पाहिजे की हात मळतो, माणूस मळत नाही. शाळेत झाडू मारण्याची पाळी सर्व मुलांची असावी आणि संडास धुण्याचीही पाळी ठराविक घरच्या मुलांवर कधीच येता कामा नये. कोणत्या शाळेत काय चालते ते आपण पालकांनी डोळे उघडे ठेवून पाहावे.

संडासाचा विषय निघालाच आहे तर देहूचे सांगतो, ते आपल्यापासून काही फार लांब नाही. तेथे १९५९ साली डॉक्टर मापुसकर सरकारी दवाखान्यात रुजू झाले. औषध द्यावे, रोगी बरा व्हावा आणि महिन्याने तोच रोगी पुन्हा जुलाब घेऊन यावा, असे चालले होते. कारण गाव उघड्यावर बसत होता. त्यांनी बांधवून घेतलेले पहिले संडास पावसात कोसळले. दुसरा कोणी बदली मागून निघून गेला असता. त्यांनी अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात केलेल्या संडासांचा अभ्यास केला, नवे बांधले आणि गावाला घेऊन वर्षानुवर्षे तेच काम केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तुकोबांच्या गावात एका डॉक्टराने खड्डे खणून जी सेवा केली ती मला कोणत्याही पारायणाइतकी मोठी वाटते. कोणाला हे बोलणे रुचले नाही तर क्षमा करावी, पण मागे घेत नाही.

सणवारांबद्दल फार सांगत नाही. दिवाळीचे अभ्यंग, पाडव्याचा कडुनिंब, संक्रांतीचा तीळ हे सर्वांना पाठ आहे.

आता मूळ मुद्दा, तो विश्वस्त मंडळींसाठी. देवळाच्या आवारात नळ आहे तो मोठ्या माणसाच्या उंचीला. सहा वर्षांच्या मुलाचा हात त्याला पुरत नाही. पोहोचलाच तर पाणी कोपरावरून बगलेत जाते. महाप्रसादाला शंभरावर पोरे पंगतीला बसतात आणि हात न धुताच बसतात, हे आपण दर वर्षी पाहतो. माझी विनंती अशी की पश्चिमेच्या भिंतीलगत जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर पाच-सहा तोट्यांचे एक नळकोंडाळे बांधावे. साबणाची वडी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून प्रत्येक तोटीला बांधावी, म्हणजे ती मोरीत पडत नाही आणि कोणी खिशातही घालीत नाही. सांडपाण्याला शोषखड्डा करावा, नाही तर डास होऊन एका रोगाऐवजी दुसरा आपणच पोसू. पंगत बसण्यापूर्वी मोठ्यांनी आधी तेथे जाऊन हात धुवावेत. मुलांना सांगण्याची गरज पडणार नाही, ती मागे येऊन उभी राहतील.

पायरीच्या दगडावर, घंटेवर, पंख्याच्या पात्यावर सुद्धा देणगीदारांची नावे घालण्याची आपली पद्धत आहे. ती असावी, माझी तक्रार नाही. फक्त साबणावर नाव राहत नाही, तो झिजून जातो, म्हणून त्याला देणगीदार मिळणे कठीण. तरी वर्षभराच्या वड्यांची पहिली वर्गणी मी आजच खजिनदारांकडे देऊन ठेवली आहे. दुसऱ्या वर्षासाठी कोणी नाव घालणार असेल तर खजिनदार डाव्या हाताला खांबाजवळ बसले आहेत.

वेळ बराच घेतला. पुढे कीर्तन आहे, बुवा वाट पाहत आहेत. रामकृष्णहरी.